दुष्काळ कोणी म्हणावा?

दौंड–मनमाड लोहमार्गावर बेलापूर नावाचे एक स्थानक आहे. तेथे उतरलेला प्रवासी मात्र बेलापुरात उतरत नाही, श्रीरामपुरात उतरतो. खरे बेलापूर तेथून काही मैलांवर प्रवरेच्या काठी वसलेले जुने गाव. लोहमार्ग आला तेव्हा परिसरात नाव घेण्याजोगे गाव तेच होते, म्हणून स्थानकाला त्याचे नाव मिळाले. श्रीरामपूरची बाजारपेठ स्थानकाभोवती पुढे वाढली. दर वर्षी सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेसाठी हरेगावला जाणारे आपले कितीतरी भाविक याच स्थानकावर उतरत आले आहेत. हा मार्ग १८७८ साली खुला झाला आणि त्याच्या भरावाचे बरेचसे काम १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी घराबाहेर पडलेल्या माणसांनी केले, ही गोष्ट त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आली असेल. गुरुविद्यालयात आम्ही ट्रेंटच्या धर्मसभेची वर्षे तोंडपाठ केली होती. पायाखालच्या या भरावाची कथा मात्र आम्हालाही पुष्कळ उशिरा समजली.

आपत्ती आली असता गावापासून राजधानीपर्यंतच्या सरकारांनी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न हल्ली वृत्तपत्रांत वारंवार चर्चिला जातो. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न मुख्यतः दुष्काळाचा आहे. भूकंप एका रात्रीत होतो. तो झाला की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. पुराचे पाणी डोळ्यांना दिसते. दुष्काळाला मात्र तिथी नसते. तो हळूहळू येतो आणि तो आला असे कोणीतरी अधिकाराने म्हणावे लागते. हे म्हणण्याचा अधिकार कोणाचा आणि म्हटल्यावर पैसा कोणी द्यायचा, या दोन प्रश्नांभोवती तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास फिरला आहे.

१८७६ च्या पावसाळ्याने दख्खनला दगा दिला, तेव्हा पाटील-कुलकर्णी, मामलेदार, कलेक्टर, मुंबईचे गव्हर्नर, व्हाइसरॉय आणि लंडनचे भारतमंत्री अशी अधिकाराची लांबलचक साखळी होती. गावच्या पाटलाला रिकामी कणगी दिसत होती, तर लंडनला जमाखर्च दिसत होता. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी प्रांतांत पाठवण्यात आले. या टेंपलसाहेबांची कथा विचार करण्याजोगी आहे. १८७४ साली बिहारमधील टंचाईत त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, खर्चाकडे पाहिले नाही, आणि उपासमारीने फारशी माणसे मेली नाहीत. त्याबद्दल त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. तोच गृहस्थ तीन वर्षांनी दक्षिणेत आला तेव्हा त्याने दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडापर्यंत, म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅमपर्यंत खाली आणले. माणूस दुष्ट नव्हता. वर बसलेल्यांना काय आवडते, एवढे तो शिकला होता, आणि वरच्या पायरीची नाराजी खालच्या पायरीवरील माणसाच्या ताटात कशी उतरते याचा तो नमुना होता.

त्यात दूरच्या कामांचा नियम होता. गावाजवळची लहान कामे बंद करून मजुरांना घरापासून दहा मैल वा त्याहून अधिक अंतरावरील मोठ्या कामांवर पाठवावे, म्हणजे ज्याला खरोखर भूक आहे तोच येईल, असा त्यामागील हिशेब होता. भुकेल्याने आपली भूक पायपीट करून सिद्ध करायची! १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या दराने काम करण्याचे नाकारले व ते कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या या सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि अर्जांमागून अर्ज पाठवले. सरकारी साखळीतून जी बातमी वर चढत नव्हती, ती या अर्जांतून चढली. खादी नेसून मायदेशाचा अभिमान सांगणाऱ्या या काकांचे नाव स्वदेशीच्या इतिहासात घेतले जाते. दुष्काळाच्या इतिहासातही ते घ्यायला हवे.

पुढे सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून दुष्काळ संहिता जन्मली. आपले जुने लोक तिला ‘फॅमिन कोड’च म्हणत. हिंदुस्थान सरकारने १८८३ मध्ये नमुना प्रसृत केला, मुंबई इलाख्याची स्वतंत्र संहिता १८८५ ची. हा ग्रंथ रूक्ष आहे आणि परकीयांनी लिहिलेला आहे, तरीही आमच्या मते आपल्या देशाच्या शासनव्यवहारातील तो एक अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज होय. दुष्काळ ओळखायचा कसा, हे त्याने लिहून ठेवले: धान्याचे भाव चढू लागतात, सावकार कर्ज देणे आखडता घेतो, गुरे बाजारात कवडीमोलाने विकली जातात, चोऱ्या वाढतात, माणसांचे तांडे वाटेला लागतात. ही चिन्हे दिसताच कलेक्टराने परीक्षेदाखल काम काढायचे. त्यावर माणसे लोटली तर दुष्काळ आहे असे समजायचे. कोणती कामे काढायची याची यादी चांगल्या वर्षीच तयार करून ठेवायची. मजुरी धान्याच्या भावाशी बांधायची. गावच्या पाटलाने अपंग, वृद्ध व निराधार यांच्या याद्या करायच्या आणि त्यांना गावातच शिधा द्यायचा. शेतसाऱ्याला तहकुबी वा सूट द्यायची, तगाई द्यायची.

सर्वांत मोठी गोष्ट ही की, कोणत्या पायरीवरील अधिकाऱ्याने काय करायचे हे आधीच ठरले. मामलेदाराला कलेक्टरची आणि कलेक्टरला गव्हर्नरची मर्जी पाहत बसण्याचे तितके कारण उरले नाही. जिल्हा हा मदतीचा कणा आणि कलेक्टर हा त्याचा जबाबदार माणूस, ही कल्पना तेव्हापासून आजवर टिकली आहे. परीक्षेच्या कामाचा कडवटपणाही टिकला, हे येथेच सांगून ठेवतो. आणि पैशाचे म्हणाल तर, १८७८ पासून दर वर्षी दीड कोटी रुपये दुष्काळासाठी बाजूला काढायचे ठरले, त्यासाठी नवा करही बसवला. पण अफगाणिस्तानात युद्ध सुरू होताच त्या निधीला पाय फुटले. हिंदी पुढाऱ्यांनी त्याबद्दल सरकारला पुढे कित्येक वर्षे धारेवर धरले.

नियम लिहिला गेला तरी तो ज्याच्यासाठी आहे त्याला माहीत नसेल तर तो कचेरीच्या कपाटातच राहतो. १८९६ साली पुन्हा पाऊस गेला तेव्हा लोकमान्य टिळक व सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी हेच ओळखले. त्यांनी संहितेतील तरतुदी मराठीत आणून गावोगाव समजावून सांगितल्या: पीक इतके बुडाले असेल तर सारा तहकूब करण्याची मागणी करा, कामे मागा, हा तुमचा हक्क आहे. सरकारच्याच पुस्तकातील वाक्ये सरकारला वाचून दाखवणे हा मोठा गुन्हा ठरला. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी प्लेग आला, साथरोगांचा कायदा आला आणि दुष्काळ मागे पडला. तो १८९९ मध्ये परतला तेव्हा अधिक भयंकर होता. त्यानंतरच्या मॅकडॉनेल आयोगाने १९०१ मध्ये म्हटले की, दुष्काळाच्या पहिल्या चिन्हासरशी लोकांना धीर मिळाला पाहिजे, साऱ्याची तहकुबी लवकर जाहीर झाली पाहिजे, माणूस खचल्यावर दिलेली मदत महागही पडते आणि अपुरीही.

या वर्षांविषयी लिहिताना आपल्या घरचा एक विषय टाळता येत नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन १८३१ पासून होते. आपले जर्मन येशूसंघीय धर्मगुरू त्यानंतर आले. दुष्काळाच्या काळात मिशनच्या आवारांत अन्न शिजले, अनाथ मुलांना आसरा मिळाला, आणि त्या काळातच बाप्तिस्म्यांच्या नोंदी वाढल्या. त्यावरून ‘भाकरीचे ख्रिस्ती’ हा शब्द आपल्या पूर्वजांच्या पाठीवर बसला आणि आपल्यापैकी अनेकांनी तो शाळेत ऐकला आहे. आम्ही त्याचा राग मानत नाही, पण त्यावर एक प्रश्न विचारतो. संहितेप्रमाणे शिध्याची यादी पाटील करीत असे. महारवाड्यातील आणि मांगवाड्यातील माणसांची दारे त्याच पाटलाच्या चावडीपासून किती दूर होती? ज्याचे नाव यादीत चढणे दुसऱ्याच्या मनावर होते, तो जेथे नाव विचारले जाते तेथे गेला. त्याच्या श्रद्धेचा निवाडा परमेश्वर करील. साखळीची शेवटची कडी जातीच्या उंबरठ्याशी तुटत होती, एवढे मात्र इतिहासकाराने लिहून ठेवावे. काही मिशनऱ्यांनी त्या काळात मदत व दीक्षा यांत पुरेसे अंतर राखले नाही, हेही लिहून ठेवावे.

प्रवरेच्या काठाचे नशीब यानंतर बदलले. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले, १९२६ मध्ये पुरे झाले आणि गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी बेलापूर परिसर हिरवा केला. ऊस आला, हरेगावचा साखर कारखाना आला, आणि कारखान्याच्या मळ्यांवर मजूर म्हणून आपली अनेक कुटुंबे आली. पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेत आणि पूर्वेत मात्र आभाळाकडे पाहणे सुटले नाही. एका जिल्ह्यात दोन जिल्हे झाले. कलेक्टर एकच राहिला.

स्वराज्य आल्यानंतरची एक गोष्ट ऐकून वाचकांना नवल वाटेल. १९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला व त्याजागी ‘टंचाई’ आणली. स्वतंत्र देशात उपासमारीने माणूस मरू द्यायचा नाही, हा त्यामागील अभिमान आम्हाला समजतो. पण शब्द पुसल्याने पाऊस पडत नाही. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७२ मध्ये तर त्याने पाठच फिरवली. त्या वर्षी राज्याचे धान्य नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पिकले. कायद्याने जे ‘टंचाई’ होते त्याला लोकांनी बहात्तरचा दुष्काळच म्हटले आणि आजही ते तसेच म्हणतात.

त्या काळी आम्ही अगदी लहान होतो. पण आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या वर्षी खडी फोडली. हरेगावच्या यात्रेत साठी-सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही बाईला विचारा. ती सुकडीची चव सांगेल, लाल मिलोची भाकरी कशी तुटे ते सांगेल आणि मुकादमाची हजेरी सांगेल. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे होती. एवढ्या मोठ्या संख्येने माणसांना कामावर घेऊन जगवल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

हे जमले कसे? आयाबहिणींच्या हातातील हातोडीला पहिला मान देऊन मग सरकारकडे वळू. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने जुन्या संहितेचीच चौकट वापरली: कलेक्टर मुख्य, आधी तयार केलेल्या कामांची यादी, गावाजवळचे काम. परंतु आता नवे भागीदार होते. जिल्हा परिषदा १९६२ पासून अस्तित्वात आल्या होत्या. तलावाचे काम एका खात्याचे, रस्ता दुसऱ्याचे, बांधबंदिस्ती तिसऱ्याचे. आणि मस्टरवर अंगठा उठवणारा मजूर एकच. हजेरी एकीकडे, मोजमाप दुसरीकडे, पैसे तिसरीकडे, यामुळे मजुरी आठवडेच्या आठवडे रखडे. दिल्लीशी तर निराळाच झगडा होता. धान्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर केंद्राचे निर्बंध होते. म्हणजे व्यापाऱ्याने आणायचे नाही, आणि केंद्राने द्यायचे ते राज्याच्या मागणीएवढे येत नव्हते. मजुराच्या हातात पैसे होते पण दुकानात ज्वारी नव्हती, असे आठवडे त्या वर्षी आले. एका पायरीने काम दिले आणि दुसरीने धान्य अडवले, तर त्या दोन पायऱ्यांमध्ये माणूस उपाशीच राहतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण दुष्काळाच्या वर्षी हटकून सांगतो. त्याने नगरोनगरी कोठारे भरली, पाचवा हिस्सा साठवला, मिसर देश वाचवला. कथेचा पुढचा भाग मात्र आपण प्रवचनात सोडून देतो: धान्याच्या बदल्यात लोकांचे पैसे गेले, गुरे गेली, जमिनी गेल्या आणि अखेर सारे फारोचे दास झाले. वरून आलेली मदत जीव वाचवते आणि त्याच वेळी माणसाला लहानही करू शकते. १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी आपल्या परिपत्रकात जे पूरकतेचे तत्त्व मांडले, त्याचा आशय हाच की, लहान समुदायाला जे करता येते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, आणि जे त्याला झेपत नाही तेथे मोठ्याने पाठीशी उभे राहण्यात कसूर करू नये. पुष्कळदा या तत्त्वाचा पहिला भागच सांगितला जातो. बहात्तरच्या मजुराला दुसरा भागही तितकाच हवा होता.

त्या दुष्काळातून निघालेली रोजगार हमी योजना याच अर्थाने आम्हाला मोठी वाटते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधी सांगली जिल्ह्यात तिचा लहान प्रयोग करून पाहिला होता. १९७७ चा तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम देणे जिल्ह्याला बंधनकारक झाले. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, म्हणजे मुंबईच्या पगारदाराच्या वेतनातून कर्जत-जामखेडच्या मजुराची मजुरी निघू लागली. दुष्काळ आहे असे आधी वरून कोणी म्हणण्याची गरजच उरली नाही. खालच्या माणसाने मागणी केली की साखळी हलली पाहिजे. २००५ मध्ये संसदेने हाच विचार देशभर नेला. आपले फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्यात पाणलोटाचे काम उभे केले आणि १९८९ मध्ये भारत–जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यातही गावाची समिती आधी आणि निधी देणारे नंतर, असाच क्रम ठेवला गेला. चराई व कुऱ्हाड बंद करण्याचा निर्णय गावाने स्वतः घेतल्याखेरीज काम सुरू होत नसे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली आणि जवळपास आठ हजार माणसे गेली. त्यानंतर महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती आराखडे करण्यास आरंभ केला. गुजरातचा २००१ चा भूकंप व २००४ ची त्सुनामी यांनंतर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला: देशाच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. राज्याच्या आपत्ती निधीत केंद्राचे तीन हिस्से आणि राज्याचा एक. आपल्या लोकांनी या कायद्याचे नाव २०२० मध्ये ऐकले, जेव्हा त्याच्या आधारे टाळेबंदी आली आणि मंदिरे-मशिदींबरोबर आपली चर्चही बंद झाली. कायद्यात एक तरतूद अशी आहे की, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या बरोबरीने जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात, म्हणजे लोकांनी निवडलेला माणूस त्या टेबलाशी असतो. मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तीन वर्षे उलटली तरी निवडणूक झालेली नव्हती. त्या काळात ती खुर्ची कोणाची होती, हा प्रश्न आमच्या पाहण्यात फारसा कोणी विचारला नाही.

आणि दुष्काळ कोणी म्हणावा? पिढ्यान्‌पिढ्या हे आणेवारीने ठरत आले. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. पुढे आणे गेले, पैसे आले आणि पन्नास पैशांखालचे गाव टंचाईग्रस्त झाले. तलाठ्याच्या नजर पैसेवारीवर गावकऱ्यांचे कधी समाधान झाले नाही, पण तो बांधावर तरी येई. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर निर्णय देताना राज्यांच्या टाळाटाळीवर बोट ठेवले आणि दुष्काळही आपत्तीच आहे हे स्पष्ट केले. त्याच वर्षी केंद्राने नवी नियमपुस्तिका काढली. आता पावसाची तूट, जमिनीतील ओल आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ यांवरून दुष्काळ ठरू लागला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या रीतीने. पुसलेला शब्द असा पंचावन्न वर्षांनी सरकारी कागदावर परतला. त्यानंतर राज्याने दिल्लीला निवेदन पाठवायचे, केंद्रीय पथकाने येऊन पाहायचे, मग निधी. उपग्रहाला लाच देता येत नाही, हे खरे. त्याच्याजवळ अर्ज घेऊन जाताही येत नाही.

बेलापूरकरांना याचा अनुभव उलट्या बाजूने आला आहे. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरवून दिले की, १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणात ठरावीक प्रमाणाहून कमी पाणी असेल तर वरच्या धरणांनी आपला वाटा खाली सोडावा. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही हे तत्त्व मान्य केले. टंचाईच्या वर्षी भंडारदरा-निळवंड्याचे पाणी प्रवरेतून बेलापूरवरून पुढे जाते. वाटेतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, काठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते, पोलीस फिरतात. अशा एका हिवाळ्यात आम्ही बेलापूरच्या पुलावर थांबलो होतो. कठड्याला टेकून काठावरचे शेतकरी आपल्या उसाशेजारून जाणारे पाणी पाहत होते आणि सरकारला शिव्या देत होते. त्यांत आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई होत्या. त्या काही बोलत नव्हत्या. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी इतकेच सांगितले की, आपली धाकटी लेक पैठणकडे दिली आहे आणि तिच्या गावाला दोन महिने टँकरने पाणी येते आहे.